दुपट्ट्याखालची बोटं

मला एक सांगा, भरवसा ठेवावा कोणावर? जो तुमची चूक तोंडावर दाखवतो त्याच्यावर, की जो ती गुपचूप निस्तरून देतो त्याच्यावर?

घाई नका करू, चहा येऊन राह्यला. तुम्ही शिकलेली माणसं, लगेच म्हणाल, दाखवणाऱ्यावर. पण माझा जन्म गेला ढेपीच्या धंद्यात. जो झाकून घेतो तो आपला आणि जो उघडं पाडतो तो परका, हे मी दुकानाच्या गादीवर बापाशेजारी बसून शिकलो. आणि याच शिकवणीपायी मी अशी काही फजिती करून बसलो की अजून आठवली की जिन्यावरच थांबतो.

दारव्ह्याला बाजार समितीच्या रस्त्यावर माझं दुकान. सरकीची ढेप, म्हणजे गुरांचं खाणं. कापसाचे ते वाईट दिवस तुम्हाला ठाऊकच आहेत. सगळे कापसाच्या भावाबद्दल बोलायचे. ढेपीबद्दल कोण बोलणार? ज्यानं बैलजोडी विकली तो ढेप कायले नेईल? सकाळी शटर वर करायचं, सांजच्याला खाली ओढायचं, मधल्या वेळात रस्त्याकडे पाहायचं. रस्ताही माझ्याकडे पाहायचा.

घरी तरी कोण होतं? बायको गेलेली. मुलगी पुण्याला, तिचा रविवारी फोन. ती विचारायची, "बाबा, जेवले का?" मी म्हणायचो, "हो, जेवलो." ती विचारायची, "काय जेवले?" इथं मी अडकायचो.

दुकानाच्या वर पोती ठेवायची खोली होती. पोतीच येईनात, तर खोली कशाला अडवायची? भाड्यानं द्यायची म्हणून चार लोकांना सांगितलं, आणि आला दिलीप. उमरखेडचा, तिशी ओलांडलेला, जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. पुण्याच्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा, इथं बसून, इंटरनेटवर. घरी भावाच्या पोरांचा गोंधळ, म्हणून शांत जागा पाहिजे होती. दारव्ह्याला बहीण दिलेली, डबा तिच्याकडून येणार होता. राहिली शांतता. ती माझ्याकडे पाहिजे तेवढी होती.

पहिल्या दिवशी मी चाचरत बोलत होतो, तर तोच म्हणाला, "आंधळा म्हना काकाजी, मले चालते. फक्त बिचारा म्हनू नोका."

आता माझी अक्कल पाहा. आठवडाभर मी रोज दिवे लागणीला वर जायचो, त्याच्या खोलीतला लाईट लावायचो आणि पुण्य केल्यासारखा खाली यायचो. एक दिवस त्याला बटणाचा आवाज आला असेल.

"काकाजी, लाईट कोनासाठी लावून राह्यले?"

"तुमच्यासाठी."

"मंग बंद करा. मीटर तुमच्या नावावर हाय."

त्याच्या कॉम्प्युटरला पडदा नव्हता. नुसता डबा, कळफलक आणि आवाज. पडद्यावर जे दिसलं असतं ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं त्यात, आणि ते असं भरधाव बोलायचं की बाजार समितीत हर्रासाची बोली लावणाराही पाणी मागेल. मला एक शब्द कळत नव्हता. पण तुम्हाला खरं सांगतो, वरून तो आवाज आला की दुकान भरल्यासारखं वाटायचं.

मी वर जायला निमित्तं शोधू लागलो. आज टाकी पाहायची, उद्या उंदीर पाहायचे. शेवटी दिलीपच म्हणाला, "उंदीर नाई इथं काकाजी. तुमी बसा तसेच."

मग मी तसाच बसू लागलो.

पावसाळा सरता सरता त्याच्या कंपनीनं हुकूम काढला. सुताराला जसा रंधा, तसं प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही एक अवजार लागतं. ते कॉम्प्युटरच्या आतच असतं. त्यात लिहायचं आणि काय चुकलं ते त्यानंच सांगायचं. दिलीपचं जुनं अवजार सगळं अक्षरांत बोलायचं, म्हणून त्याचं मशीन ते वाचायचं. कंपनीचं म्हणणं, जानेवारीपासून सगळ्यांनी नवंच वापरायचं.

नवं लई देखणं होतं म्हणे. लिहिण्यात चूक झाली की शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. बस्, नुसती रेघ. तिला तोंड नाही. आणि बटणांवर नावांच्या जागी चित्रं. दिलीप एकेका बटणावर जायचा आणि मशीन म्हणायचं, "बटण." पुढचं? "बटण." त्याच्या पुढचं? "बटण."

"हे म्हनजे असं झालं काकाजी," तो म्हणाला, "का तुमच्या दुकानातल्या समद्या डब्यांवर चिठ्ठी एकच. डबा."

हसला तो, पण त्याच्या आवाजात मला काळजी कळली. जानेवारीपर्यंत जमलं नाही तर काम जाणार होतं. उमरखेडला आई-वडील त्याच्याच कमाईवर होते. त्यानं ते अवजार बनवणाऱ्या लोकांना कळवलं, की तुमच्या या नव्या मालावर आंधळ्या माणसाला काम करता येत नाही. त्यांचं नम्र उत्तर आलं, आम्ही पाहतो. पाहतो म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

तोवर काय करायचं? मी म्हणालो, "माझे डोळे रिकामेच हायत."

त्यानं एक जुना मॉनिटर आणला, खास माझ्यासाठी. तो लिहायचा, मी पडद्याकडे पाहायचो आणि लाल आलं की सांगायचो, "आलं, आलं, लाल आलं." पण त्याच्या कानात मशीनची बडबड चालू.

"काकाजी, तुमी अन् मशीन संगच बोलता. कोनाचं ऐकू?"

तेव्हा मला बाप आठवला. पूर्वी मालाचा सौदा खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली व्हायचा. दोघांनी दुपट्ट्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा, बाजूच्या माणसाला पत्ता नाही. मी दिलीपला तीच विद्या शिकवली. एक बोट दाबलं, तर चूक याच ओळीत. दोन दाबली, तर वरच्या ओळीत. सगळी मूठ दाबली, तर सगळं ठीक, चला पुढं. त्यानं एका दुपारीत उचललं. ओळ लिहून झाली की त्याचा डावा हात आपोआप माझ्याकडे यायचा. मी हातावर दुपट्टा टाकायचो. का, म्हणाल तर उघड्यावर बोटं दाबायची मला लाज वाटायची. सौदा काय उघड्यावर करतात?

पाहता पाहता मीही शिकलो. इंग्रजी अक्षरं मी पोत्यांवरचे छाप वाचून शिकलेला माणूस, पण कंस उघडला की बंद करावा लागतो, दुकानाच्या शटरसारखा, हे मला कळलं. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की रेघ येते, हे कळलं. बारीकसारीक रेघ तर मीच पुसायला लागलो. दिलीप म्हणायचा, "काकाजी, तुमाले नोकरी लागते आता." माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी मोजायच्या झाल्या, तर त्यातल्या बऱ्याचशा त्या खोलीतल्या निघतील.

आणि मग निरोप आला. अवजार बनवणाऱ्यांपैकी एक मॅडम पुण्याहून यवतमाळला नात्यातल्या लग्नाला येणार होत्या. तिथून दारव्हा असं कितीक दूर? म्हणाल्या, येऊन प्रत्यक्षच पाहते.

आदल्या दिवशी मी एका तेरवीला गेलतो. परत आलो तर दिलीप खुशीत.

"उद्यासाठी नमुना तयार करून ठेवला काकाजी. तुमी फक्त चहाचं पाहा."

"नमुना चांगला हाय ना पन?"

"एकदम. पाहताच ध्यानात येते त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी मॅडमना आणायला तो स्वतः काठी घेऊन स्टँडवर गेला. पाहुण्या त्याच्या, मान त्याचा. मी मागे राहिलो. झाडलं, शेजारून बशा आणल्या, ढेपीचा वास जावा म्हणून उदबत्ती लावली. आणि उदबत्ती लावता लावता पडद्याकडे पाहिलं.

नमुन्याचं पान उघडं होतं आणि त्याच्यावर होळी खेळल्यासारखं लाल. एक ओळ धड नाही. कंस उघडे, अर्धविराम गायब, साधा 'प्रिंट' शब्द उलटापालटा. मी म्हणालो, देवा, एका दुपारी मी नव्हतो तर या माणसाची ही गत? आता येतील मॅडम, पाहतील, आणि म्हणतील, याला अवजार कसलं, याला कामच येत नाही.

तुम्हीच सांगा, कापसाचा नमुना पारखायला ग्रेडर येणार असेल, तर आपण काय करतो? वाळल्या पानाची पत्ती वेचतो, किडक्या कापसाची कवडी वेचतो, माती झटकतो. त्यात काही लबाडी नाही, घर झाडण्यासारखंच ते. मी बसलो. कंस मिटले, अर्धविराम टाकले, 'प्रिंट' सरळ केला. शेवटची रेघ गेली आणि पान असं स्वच्छ झालं की जणू पहिल्या वेचणीचा कापूस. दिलीप कोणती कळ दाबून ते पक्कं करतो हे मला पाठ होतं. तीही दाबली.

जिन्यावर पावलं वाजली. मॅडम आल्या. चाळिशीच्या, साध्या, खांद्याला पिशवी. लग्नाची मेंदी हातावर. मी दिलीपच्या डाव्या बाजूला माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसलो. दुपट्टा नेहमीच्या जागी. मॅडमना वाटलं असेल, म्हाताऱ्याला थंडी वाजते.

दिलीप म्हणाला, "मॅडम, या पानात मी मुद्दाम चुका ठेवल्या आहेत. तुम्हाला त्या लाल दिसतील. आता ऐका, माझं मशीन त्यातल्या एकीबद्दलही बोलत नाही."

आणि तो मशीनकडून भराभर एकेक ओळ वाचून घेत खाली गेला. मॅडम पडद्याकडे वाकल्या.

"पण इथं चूक नाहीये."

"सातवी ओळ पाहा. कंस बंद केलेला नाही."

"केलाय की."

दिलीप सातव्या ओळीवर गेला, एकेक अक्षर वाचून घेतलं. मशीन म्हणालं, कंस बंद. तो थबकला. आठवी ओळ. अर्धविराम आहे. नववी. आहे.

आता तुम्ही म्हणाल, अरे, त्यानं 'मुद्दाम' म्हटलं, तेव्हा तरी तुला समजायला नको? नाही समजलं. मला वाटलं, लाज झाकायला म्हणतोय. पाहुण्यासमोर खराब माल निघाला की व्यापारी म्हणतोच, हा मुद्दाम वेगळा काढलाय. उलट मला त्याची दया आली. त्याचा डावा हात टेबलाच्या कडेला होता. मी दुपट्टा टाकला आणि मूठ दाबली. सगळं ठीक, चला पुढं.

दिलीप परत सातव्या ओळीवर गेला.

मॅडम चांगल्या होत्या, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून म्हणाल्या, "राहू द्या हे. तुमचं रोजचं काम करा, मी नुसतं पाहते."

तो लिहू लागला. मनात गोंधळ, पण हाताला सवय. ओळ झाली, हात डावीकडे. मी एक बोट दाबलं, त्यानं चूक दुरुस्त केली. पुढची ओळ, हात डावीकडे. मूठ. पुढची. दोन बोटं. आमची जोडी अशी रंगात आली होती की काय सांगू. मॅडमची नजर पडद्यावर. लाल रेघ आली की दिलीप ती पुसतोय, आली की पुसतोय.

"तुम्हाला तर सगळ्या चुका कळतायत," मॅडम म्हणाल्या. "मग अडचण नक्की कुठे येते?"

दिलीपनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला. मीच म्हणालो, "आमचा दिलीप लई हुशार हाय, मॅडम."

"ते दिसतंच आहे." त्यांनी पिशवी आवरायला घेतली. "बरं झालं आले. मी ऑफिसात कळवते, की आहे असंही वापरता येतं."

माझी छाती अशी फुगली होती. जिंकलो असंच वाटत होतं. दिलीपचा हात अजून माझ्या हातात होता, आणि तो गार पडत चालला होता.

"काकाजी," तो हळू बोलला, "त्या नमुन्याले तुमी हात लावला का?"

"थोडा कचरा वेचला बाप्पा. पाहुण्यासमोर तसा कसा ठेवायचा?"

मला वाटलं, आता हा रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं दुसऱ्या हातानं चाचपून दुपट्ट्याचं टोक धरलं आणि दुपट्टा वर उचलला. मॅडमनी पाहिलं. खाली दोन हात, एकमेकांत अडकलेले.

"मॅडम, चुका मला तुमचं अवजार सांगत नाही. हे सांगतात."

मॅडम त्या हातांकडे पाहत राहिल्या. मला ते सोडवताही येईनात आणि धरूनही ठेवता येईनात.

"आणि हे काका नसतील तेव्हा?"

"तेव्हा काहीच नाही कळत."

"किती जणांकडे असे काका असतील?"

दिलीप म्हणाला, "माझ्या ओळखीत एकाकडेच."

मॅडमनी पिशवी परत खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून अगदी मऊपणानं म्हणाल्या, "काका, तुम्ही थोडा वेळ खाली बसाल का?"

माझ्याच इमारतीत, माझ्याच खोलीतून. पण बरोबर होतं त्यांचं. खराब मालाची पारख करायची तर आधी वेचणाऱ्याला बाहेर काढावं लागतं.

मी खाली येऊन गादीवर बसलो. दुपारचा रस्ता ओस पडलेला. वरून आवाज येत होता, बटण, बटण, बटण. मधेच दिलीपचा आवाज, "इथं अडलो." मग मॅडमचा, "थांबा, लिहून घेते." परत बटण, बटण. इतक्या दिवसांत तो कधी इतका अडला नव्हता, कारण मी त्याला अडू दिलं नव्हतं. दर वेळी तो अडला की माझा हात आपोआप पुढे व्हायचा आणि ढेपीच्या पोत्यावर पडायचा. ती पूर्ण दुपार तो एका परक्या बाईसमोर अडत राहिला. त्याचं काम वाचलं ते त्या अडण्यानं.

जानेवारीच्या तोंडावर अवजाराची नवी आवृत्ती आली. दिलीपनं जिन्यावरून हाक मारली, "काकाजी, या, ऐका." मी गेलो. त्यानं मुद्दाम कंस उघडा ठेवला. मशीन ताबडतोब म्हणालं, चूक, ओळ चार. बटणांनाही नावं आली होती. जतन करा, शोधा, चालवा. दिलीप एकेक बटण मला ऐकवत होता, नव्या सुनेला घर दाखवतात तसं. मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झालाच.

मग तो कामाला लागला आणि मी स्टुलावर बसलो. ओळ झाली. मी हात पुढे केला, दुपट्टा टाकला. त्याचा हात आला नाही. येण्याचं कारणच नव्हतं. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं लिहिणं थांबवलं, डावा हात माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "पाहा बरं काकाजी, ठीक हाय का?"

गिऱ्हाईक गरजेनं घेतं की भिडेनं, हे ओळखण्यातच माझा जन्म गेला आहे. मी मूठ दाबली आणि उठलो. म्हणालो, "खाली गिऱ्हाईक आलं वाटते."

"जा जी," तो म्हणाला. खाली कोणी नव्हतं. त्याचे कान तुम्हाला ठाऊक नाहीत. त्याला ते माझ्या आधी कळलं असणार.

पुढं कंपनीनं त्याला पुण्याला बोलावून घेतलं. चांगलं चाललंय. अधूनमधून फोन करतो. आणि तिकडे सगळ्यांना माझंच नाव सांगत सुटलाय. परवा एका पोरीचा फोन आला, तीही डोळ्यांनी न पाहणारी, तीही प्रोग्राम लिहिणारी. म्हणाली, "दिलीपसर सांगतात, तुमच्यामुळे हे टूल आमच्याशी बोलायला लागलं. थँक्यू म्हणायला फोन केला."

मी काय म्हणायला हवं होतं? 'बाई गं, मी तर त्याला मुकंच ठेवायला निघालो होतो.' म्हणालो का? व्यापारी माणूस, दाराशी आलेला माल परत कसा पाठवणार? म्हणालो, "हो हो, होईल तेवढं केलं." आणि वर विचारलं, "तुमाले काम करायले शांत जागा पाहिजे का? माझ्याकडे वरची खोली रिकामी हाय."

ती हसली. म्हणाली, "नको काका, आता कुठेही बसून काम होतं."

तर माझं एवढं ऐका. हा किस्सा तुम्ही पुढे सांगणारच, मी काही थांबवत नाही. पण सांगताना हिशोब खरा ठेवा. जमेच्या बाजूला दिलीपला लिहा, ज्यानं आपलं अडणं परक्यासमोर उघडं केलं. त्या मॅडमना लिहा, ज्या लग्नघर सोडून ते पाहत बसल्या. मला नावेच्या बाजूला टाका. अन् माझं काही जमेला धरायचंच झालं, तर मॅडमना दिलेला चहा धरा. तो मी फक्कड केला होता.

नाही. खरा ठेवा म्हणतो आणि मीच असा. मॅडमनी अर्धा कप तसाच ठेवला होता.